ड्वार्फ फोर्ट्रेस: सहाव्या वर्षीही किल्ल्यात चामडे का उरत नाही?

हडपसरची खाण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांचा किल्ला वसवून चालवण्याचा संगणकावरचा खेळ. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रमय आवृत्ती निघाली, तेव्हापासून मी तो खेळते आहे. त्याआधीची, नुसत्या अक्षरांनी आणि चिन्हांनी सारा किल्ला दाखवणारी आवृत्ती मी दोनदा उघडली आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत बंद केली. सध्याच्या किल्ल्याचे सहावे वर्ष चालू आहे. चौसष्ट बुटके आहेत, धान्याची ददात नाही, मद्याची तर मुळीच नाही, आणि लोखंडाची खाणही चांगली लागली आहे. मात्र चामड्याने मला अक्षरशः जेरीस आणले आहे.

माझ्याकडे प्रत्येकी दहा जणांच्या दोन तुकड्या आहेत. एक तुकडी कुऱ्हाडीची आणि दुसरी क्रॉसबोची, म्हणजे घोडा दाबून बाण सोडणाऱ्या आडव्या धनुष्याची. प्रत्येक सैनिकाला पाठीवरची एक सॅक व पाण्याची एक मशक हवी, आणि क्रॉसबोवाल्यांना त्याशिवाय बाण ठेवायचा भाताही हवा. प्रत्येक वस्तूला चामड्याचा एक नग लागतो असे धरले तर वीस, वीस आणि दहा मिळून पन्नास नग होतात. आज साठ्यात तीन नग आहेत. गेल्या वर्षीच्या याच ऋतूतही तीनच होते.

मला कोडे असे पडले आहे की डुकरे मी नियमित कापते आहे. कसायाच्या दुकानातून कातडी निघताना डोळ्यांनी पाहते, पण त्यांतली निम्मी तरी तिथेच कुजतात आणि त्या दालनात जांभळ्या धुरासारखी दिसणारी दुर्गंधी पसरते. जी कमावली जातात त्यांचे पुढे काय होते हे मला कळत नाही. कातडी कमावण्याची कार्यशाळा बांधलेली आहे आणि तिच्यावर एक बुटकाही नेमलेला आहे. आणखी जनावरे पाळावीत की आणखी शिकारी नेमावेत? रात्री अकरानंतर खेळायला बसते, त्यामुळे प्रयोग करून पाहण्याइतका वेळ हाताशी नसतो. कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

कोथरूडचा बोगदा

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कच्चे कातडे कुजणे ही एक अडचण आणि कमावलेले चामडे नाहीसे होणे ही दुसरी. या दोहोंची कारणे बहुधा निराळी असतील, आणि ती सापडेपर्यंत जनावरे वाढवण्यात अर्थ नाही, कारण गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे ते होईल.

आधी कुजण्याचे पाहू. जनावर कापले की कातडे कच्च्या स्वरूपात बाहेर पडते आणि त्याच क्षणापासून त्याचे कुजणे सुरू होते. खेळात ‘कातडे आले की आपोआप कमवावे’ असा आदेश मुळातच चालू असतो, त्यामुळे काम यादीत पडते यात शंका नाही. ते करायला माणूस मोकळा आहे का, एवढेच पाहायचे उरते. आपण एक बुटका ‘नेमलेला’ आहे असे लिहिले आहे. कार्यशाळेवर एकाच बुटक्याचे नाव घातले की त्या कार्यशाळेत दुसरा कोणीही काम करत नाही, हे आपल्या ध्यानात आहे ना? तो झोपला, जेवायला गेला, दारू प्यायला गेला किंवा दुखापत होऊन पडून राहिला, तरी कातडी त्याचीच वाट पाहत कुजतात. माझा सल्ला असा की ते नाव काढून टाकावे आणि हे काम चार-पाच जणांना खुले करावे. कमावणाऱ्याच्या कौशल्याने चामड्याची प्रत मुळीच बदलत नाही, फक्त काम लवकर उरकते. कौशल्याचा कस लागतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे चामड्याच्या कार्यशाळेत वस्तू शिवताना. तेव्हा निवडक माणूस तिथे बसवा. कमावायला कोणीही रिकामटेकडा चालतो.

दुसरे म्हणजे अंतर. कसायाचे दुकान आणि कातडी कमावण्याची जागा या एकमेकींना लागून असाव्यात, मध्ये फार तर एक दार असावे. कमावलेल्या चामड्याचा साठा पलीकडच्या भिंतीला आणि त्याच्या पलीकडे शिवणाऱ्याची कार्यशाळा, अशी ओळ लावली की ओझी वाहण्यात दिवस जात नाहीत. मी माझ्या पहिल्या किल्ल्यात कसाई वरच्या मजल्यावर आणि कमावणारा सात मजले खाली ठेवला होता; त्या जिन्यावर किती कातडी वाया गेली याचा हिशेब न केलेलाच बरा.

तिसरी गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. किल्ल्याबाहेर पडलेली मेलेली जनावरे बुटके आपण होऊन आत आणत नाहीत, कारण बाहेरचा कचरा गोळा करण्याचा आदेश सुरुवातीला बंद असतो आणि खेळाच्या लेखी ते शव म्हणजे कचराच. शिकारी स्वतःची शिकार स्वतः उचलून कसायाकडे नेतो, परंतु आपल्या कुऱ्हाडीच्या तुकडीने दाराशी एखादे रानडुक्कर मारले तर ते तिथेच सडते. तो आदेश चालू करा. वेढा पडलेला असताना मात्र आठवणीने बंद करा, नाही तर एका सशाच्या शवासाठी ओझेकरी शत्रूच्या बाणांत धावत जातील.

लक्ष्मी रोडवरचा काका

मी खेळात तुमच्याइतका मुरलेला नाही. माझ्या भाच्याने हा खेळ लावून दिला आणि निवृत्तीनंतर वेळ जायला लागला. पण चपला-बुटांच्या धंद्यात माझी पस्तीस वर्षे गेली, म्हणून कुजण्याबद्दल थोडे लिहितो. खेळातले हे कुजणे सुटे पाहिले की विचित्र वाटते, धंद्यातून पाहिले की तसे वाटत नाही.

प्रत्यक्षात कच्चे कातडे कमावणाऱ्याकडे पोहोचेपर्यंत त्याला मीठ लावून ठेवतात. मिठाने त्यातले पाणी ओढले जाते आणि जंतूंना वाढायला वाव राहत नाही, त्यामुळे ते बरेच दिवस टिकते. मग ते धुऊन चुन्याच्या पाण्यात टाकतात, म्हणजे केस सुटतात. त्यानंतर बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांत ते मुरत ठेवतात. तुरट द्रव्य कातड्यातल्या तंतूंना धरून बसते आणि मग ते कुजत नाही; कमावणे म्हणतात ते हेच. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच वनस्पतींनी कमावलेले असते. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. या सगळ्याला आठवडे लागतात. या खेळात कातड्याला लावायला मीठही नाही, हिरडाही नाही. कातडे कार्यशाळेत गेले की थोड्या वेळात चामडे होऊन बाहेर येते आणि त्याला दुसरी कसलीही सामग्री लागत नाही. म्हणजे कमावणे इथे फुकट आणि झटपट आहे, पण मिठाची सोय काढून घेतल्यामुळे वाट पाहण्याची सवलत मात्र अजिबात नाही. बोगदा यांनी दोन्ही जागा शेजारी ठेवायला सांगितले, ते म्हणूनच मला पटते.

चुना खेळात अगदीच नाही असे नाही, पण तो लागतो चर्मपत्राला, म्हणजे लिहायच्या कातड्याला. चुनखडीसारखा दगड भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, राखेच्या कार्यशाळेत तो पाण्यात कालवायचा आणि मग कातडी कमावण्याच्याच कार्यशाळेत कच्च्या कातड्यापासून चर्मपत्र करायचे. ताईंनी ग्रंथालय बांधले असेल तर एवढे तपासावे की चर्मपत्राचा एखादा आदेश कुठे चालू राहिलेला नाही ना, कारण तो थेट कच्च्या कातड्यालाच हात घालतो आणि चामड्याच्या हिशेबात कधी दिसतच नाही.

जाता जाता एक सांगतो. कमावलेले चामडे खेळात कुजत नाही ही पुणेकराला हेवा वाटावी अशी गोष्ट आहे. आमच्या दुकानात दर जुलैमध्ये वरच्या फळीवरच्या बुटांना पांढरी बुरशी धरायची आणि सकाळचा पहिला तास फडक्याने ती पुसण्यात जायचा.

तिसरी पाळी, पिंपरी

वरची दोन्ही उत्तरे योग्यच आहेत, परंतु मूळ हिशेबावर माझा आक्षेप आहे. पन्नास नग हवेतच कशाला? सॅक आणि मशक यांचा उपयोग तुकडी दूरवर दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तेव्हा होतो. ज्यांची चौकी भोजनगृहापासून वीस पावलांवर आहे, त्या कुऱ्हाडवाल्यांना सॅक नसली म्हणून काय बिघडते? ते आत येऊन जेवतील. मशकीला तर पर्यायही आहे. लोखंडाची खाण आहे म्हणता, मग लोहाराकडून धातूच्या सुरया घडवून घ्या. सैनिकाला पाणी जवळ ठेवण्याशी मतलब, ते चामड्यात आहे की धातूत याच्याशी नाही. भात्याचे मात्र तसे नाही. भाता नसेल तर क्रॉसबोवाल्याला बाण जवळ बाळगता येत नाहीत आणि मग तो हातातला क्रॉसबो सोट्यासारखा फिरवत शत्रूवर धावून जातो. म्हणून पहिले दहा नग भात्यांना, आणि बाकीचे सगळे त्यानंतर.

यात एक मेख आहे. शिकाऱ्यालाही क्रॉसबो, बाण आणि भाता लागतो. म्हणजे शिकारी वाढवून चामडे मिळवायचे म्हटले तर आधी चामडे खर्चूनच त्यांना भाते द्यावे लागतात. आपल्या ‘शिकारी की जनावरे’ या प्रश्नाला माझे उत्तर जनावरे असेच आहे, आणि त्यांतही डुकरे किंवा कुत्री, कारण त्यांना चरायला कुरण लागत नाही. गाई-मेंढ्या गवतावाचून उपाशी मरतात आणि कुरण मोकळ्यावर ठेवले तर वेढ्यात सापडतात.

चामड्याच्या चिलखतावर एक नगही घालवू नये असेही माझे मत आहे. धातूच्या शस्त्रापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

कोथरूडचा बोगदा

चिलखताबद्दल मी एवढे टोकाचे बोलणार नाही. पहिल्या दोन वर्षांत, लोखंड वितळवायला सुरुवात होण्याआधी, उघड्या अंगापेक्षा चामडे बरेच म्हणायचे. ढालीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ढाल वार अडवणार की नाही हे ती कशाची आहे यावर ठरत नाही. चामड्याची ढाल लोखंडी ढालीइतकीच अडवते आणि वजनाला हलकी असते. तेव्हा ढालीवर चामडे खर्च करणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. भात्यांना पहिला मान द्यावा, हे मात्र मान्य.

ताईंनी अजून एक माहिती द्यावी. व्यवस्थापकाच्या, म्हणजे कामाचे आदेश सांभाळणाऱ्या बुटक्याच्या, यादीत चामड्याशी संबंधित कोणकोणते आदेश चालू आहेत? कमावलेले चामडे कुठे जाते याचे उत्तर मला तिथेच असेल असे वाटते.

हडपसरची खाण

सर्वांचे आभार. काल रात्री खेळ थांबवून ठेवून सगळे तपासले, आणि जे सापडले ते लिहायला थोडी लाजच वाटते.

कातडी कमावण्याच्या कार्यशाळेवर ज्याचे नाव घातले आहे तो उरिस्ट दोन वर्षांपासून कुऱ्हाडीच्या तुकडीत आहे. एका वेढ्याच्या वेळी घाईघाईने माणसे भरती केली होती, त्यात त्याचेही नाव गेले आणि ते परत काढायचे राहिले. तुकडीचा सराव बारा महिने चालू ठेवलेला असल्यामुळे तो दिवसभर तालमीतच असतो. अधूनमधून मोकळा झाला की येऊन एखाद-दुसरे कातडे कमावतो आणि पुन्हा कुऱ्हाड उचलतो. म्हणजे बोगदा यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. बाहेरचा कचरा गोळा करण्याचा आदेशही बंदच होता, आणि दारापुढे दोन रानडुकरांचे सांगाडे आहेत. ग्रंथालय अजून बांधलेले नाही, त्यामुळे काकांची शंका आमच्याकडे लागू होत नाही.

आता यादीचे. तिसऱ्या वर्षी काच करायला घेतली तेव्हा वाळू भरायला पिशव्या हव्या होत्या, म्हणून मी चामड्याच्या पाच पिशव्या दर महिन्याला शिवाव्यात असा आदेश दिला होता आणि त्याला कसलीही अट घातली नव्हती. तो आजही चालू आहे. साठ्यात रिकाम्या पिशव्या मोजल्या तर एकशे सव्वीस निघाल्या. दर महिन्याला जेवढे चामडे तयार होत होते ते सगळे पिशव्यांत जात होते आणि भात्यांचा आदेश यादीत त्याच्या खाली वाट पाहत होता.

आदेश काढून टाकला आहे. पण वाळू, पीठ आणि बी यांसाठी पुढेही पिशव्या लागतीलच. त्या कशाच्या कराव्यात? आणि या एकशे सव्वीसांचे काय करावे? त्या उसवून चामडे परत मिळत नाही ना?

तिसरी पाळी, पिंपरी

परत मिळत नाही. पण एकशे सव्वीस पिशव्या म्हणजे हाती आलेले भांडवल आहे. बुटक्यांचा व्यापारी तांडा शरद ऋतूत येतो आणि माणसांचा उन्हाळ्यात. दोन्ही तांड्यांकडे पेट्या भरून चामडे विकायला असते आणि ते महाग नसते. वीसेक पिशव्या स्वतःकडे ठेवा, बाकीच्या व्यापारतळावर न्या आणि त्यांच्या बदल्यात चामडे घ्या. वेढ्यानंतर मेलेल्या शत्रूंच्या अंगावरचे जे कपडे कोठारात पडून असतील तेही सोबत न्या, जागाही मोकळी होईल. शरद ऋतूतल्या तांड्याबरोबर जो प्रतिनिधी येतो त्याच्याशी बोलताना पुढच्या वर्षासाठी चामड्याची मागणी नोंदवून ठेवा. थोडा भाव जास्त पडतो, पण माल येतो.

पिशव्या कापडाच्या करा. पिशवीला चामडे, कापड, रेशीम काहीही चालते, आणि भाता व सॅक यांना फक्त चामडेच चालते. ज्या कामाला दुसरे काही चालते तिथे चामडे का वापरायचे? जमिनीखालच्या शेतात पिगटेल हे धाग्याचे पीक लावा. ते उन्हाळ्यात आणि शरदात येते. शेतकऱ्याच्या कार्यशाळेत त्याचा धागा होतो, मागावर कापड आणि शिंप्याकडे पिशवी. फक्त कलालावर नजर ठेवा. पिगटेलचे मद्यही होते, आणि स्वयंपाकघराच्या यादीत ते मद्यासाठी खुले राहिले तर धाग्याला एक काडीही उरत नाही. माझ्या किल्ल्यात सगळे तर्र होते आणि अंगावरचे कपडे फाटलेले होते, याचे कारण हेच.

कोथरूडचा बोगदा

यापुढचा प्रत्येक आदेश अट घालूनच द्यावा. पिशव्यांसाठी ‘रिकाम्या पिशव्या दहापेक्षा कमी असतील तरच’ अशी अट पुरेशी आहे. भात्यांच्या आदेशाला उलट बाजूची अट घाला, म्हणजे साठ्यात निदान पाच नग चामडे असेल तरच तो चालावा. हे पाच नग राखून ठेवण्याला कारण आहे. एखाद्या बुटक्याला अचानक झपाटल्यासारखे होते, तो चामड्याची कार्यशाळा बळकावून बसतो आणि त्याला हवे असलेले चामडे मिळाले नाही तर वेडा होऊन किल्ल्याच्या हातून जातो. मिळाले, तर अशी अप्रतिम वस्तू घडवतो की तिची किंमत पाहून आपण दोनदा वाचतो.

लक्ष्मी रोडवरचा काका

ताई, उरिस्टला तुकडीतून काढणार की कमावण्याच्या कामातून, हे सांगायचे राहिले. दोन वर्षे सराव केलेला कुऱ्हाडवाला कातड्यांवर परत बसवू नका, असे माझ्यासारख्या नवशिक्यालाही वाटते.

हडपसरची खाण

काका, उरिस्ट तुकडीतच आहे. कार्यशाळेवरून त्याचे नाव काढले आणि काम पाच जणांना खुले केले. तीन रात्री खेळून झाल्यावर हे लिहिते आहे, म्हणजे खेळातले सुमारे वर्ष उलटले आहे. कसायाचे दुकान हलवून कमावण्याच्या जागेच्या भिंतीला लावले, तेव्हापासून एकही कातडे कुजलेले नाही आणि त्या दालनातला जांभळा धूरही गेला. माणसांच्या तांड्याला नव्वद पिशव्या आणि शत्रूंचे जुने कपडे दिले आणि चामड्याच्या दोन पेट्या घेतल्या. दहा भाते पहिल्याच महिन्यात शिवून झाले. मशकीऐवजी लोखंडी सुरया घडवल्या, आणि सॅक सध्या फक्त क्रॉसबोवाल्यांना दिल्या आहेत, कारण वरच्या बुरुजावर त्यांनाच जास्त काळ उभे राहावे लागते.

आज साठ्यात अकरा नग आहेत. पिगटेल मद्याच्या यादीतून काढल्यामुळे दोन बुटके तेच ते मद्य प्यावे लागते म्हणून कुरकुरत आहेत, त्यांना थोडी कळ काढावी लागेल.